ड्रायव्हरखाली सही कुणाची?

विंडोज टेस्ट मोडमध्ये चालू असलं की डेस्कटॉपच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या जरा वर, बारीक अक्षरांत 'टेस्ट मोड' असं उमटतं. वॉलपेपर बदलला तरी ते तिथेच असतं. ते पुसायच्या युक्त्या सांगणारे व्हिडिओ चिक्कार आहेत. माझ्या टेबलावरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती अक्षरं गेले आठ महिने आहेत. एका कारखान्यातल्या कॉम्प्युटरवरही ती चालतील का, यावरून आमच्या ऑफिसात दोन आठवडे वाद चालला. वाद एका सेटिंगवरून सुरू झाला आणि सहीवर येऊन थांबला.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही पंधरा-सोळा जण आहोत. कारखान्यातल्या मशिनींना कॉम्प्युटरशी बोलतं करणं, हे आमचं काम. मागच्या वर्षी भोसरीतल्या एका कारखान्याचं काम आलं. तिथे पंप बनतात. तयार पंप टेस्ट बेंचवर चढवतात, त्यातून पाणी फिरवतात आणि दाब, प्रवाह, करंट मोजतात. आकडे बरोबर आले तर पंप पुढे जातो, नाहीतर बाजूला. हे मोजणारं कार्ड कॉम्प्युटरच्या आत, जुन्या पीसीआय स्लॉटमध्ये बसवलेलं आहे. कार्ड ठणठणीत आहे, पण ते बनवणाऱ्या कंपनीने ते कधीच बंद केलंय, आणि त्याचा ड्रायव्हर फक्त ३२-बिट विंडोज ७ वर चालतो.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कारखान्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने ऑडिटमध्ये यावर बोट ठेवलं. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं आणि ६४-बिट कर्नल ३२-बिट ड्रायव्हरला आत घेत नाही. म्हणजे एकतर कार्ड, वायरिंग, कॅलिब्रेशन सगळंच नवीन करायचं, नाहीतर जुन्या कार्डासाठी नवा ड्रायव्हर लिहायचा. मालकांनी दुसरा रस्ता धरला. कार्डाचं पिवळं पडलेलं मॅन्युअल त्यांच्या कपाटात होतं. ते माझ्या टेबलावर आलं.

टाकीची किल्ली

ड्रायव्हर म्हणजे काय, ते आधी सांगते. तुमच्या फोनवरचं एखादं ॲप बंद पडलं तर तेवढंच बंद पडतं. हाउसिंग सोसायटीसारखं आहे हे. तुमच्या फ्लॅटमधला नळ तुटला तर तुमची फरशी ओली होते, फार तर खालच्यांच्या छताला ओल येते. पण गच्चीवरच्या टाकीत कुणी काही टाकलं तर सगळ्या बिल्डिंगला ते प्यावं लागतं. कर्नल म्हणजे ती गच्ची, आणि तिथे काम करणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात टाकीची किल्ली असते. तिथे भिंती नाहीत. ड्रायव्हरने चुकीच्या पत्त्यावरची मेमरी वाचली तर विंडोज सगळं काम तिथल्या तिथे थांबवतं, कारण त्यापुढे कशाचाच भरवसा उरलेला नसतो. तो निळा स्क्रीन आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

१९ जुलै २०२४ ला तो जगाने एकदम पाहिला. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल सगळीकडे पाठवली. कर्नलमध्ये चालणाऱ्या त्यांच्या ड्रायव्हरने ती वाचली. फाइलमधल्या नियमाला माहितीचे २१ रकाने हवे होते, प्रत्यक्षात मिळत होते २०. ड्रायव्हर एकविसावा वाचायला गेला, आणि तिथे त्याचं काही नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख कॉम्प्युटर पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तुमच्याही फोनवर तो फोटो आला असेल.

यातली एक गोष्ट बातम्यांत मागे राहिली. त्या ड्रायव्हरवर रीतसर, मायक्रोसॉफ्टची सही होती.

आता रस्ट. सी भाषेत वीस गोष्टींच्या यादीतली एकविसावी मागितली, तर सी मुकाट्याने पुढच्या जागेवर जाते आणि तिथे जे असेल ते उचलून देते. रस्ट तिथे थांबवते. एखादी मेमरी परत दिल्यानंतर तुम्ही पुन्हा तिला हात लावायला गेलात, तर रस्टचा कंपायलर कोड बांधूनच देत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडे दरवर्षी नोंदवल्या जाणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी साधारण ७० टक्के या असल्या मेमरीच्या गोंधळातून येतात. आता विंडोज ११ च्या कर्नलमध्येच काही भाग रस्टमध्ये लिहिलेला आहे.

म्हणून मी सरांना म्हटलं, 'आपण हा ड्रायव्हर रस्टमध्ये करू या.' मायक्रोसॉफ्टने त्यासाठी 'विंडोज-ड्रायव्हर्स-आरएस' नावाचा संच खुला केला आहे. त्याच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं की काम अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहे, प्रत्यक्ष वापरासाठी शिफारस नाही. तेही मी सरांना दाखवलं. ते म्हणाले, 'करून बघ. अडलं तर सी आहेच.'

ड्रायव्हर बांधायचा कसा

सामान बरंच लागतं. रस्ट तर हवंच. शिवाय एलएलव्हीएम हवं, कारण विंडोजच्या सगळ्या व्याख्या सीच्या हेडर फाइलींमध्ये आहेत आणि त्या वाचून रस्टमध्ये उतरवायला क्लँग लागतो. मग ईडब्ल्यूडीके, म्हणजे ड्रायव्हर बांधायची सगळी हत्यारं भरलेली एक आयएसओ फाइल. ती माउंट करायची, तिच्यातून एक कमांडची खिडकी उघडायची आणि तिथूनच काम करायचं.

कोड लिहायला बसलं की नेहमीच्या सवयी सोडाव्या लागतात. 'मेन' नावाचं फंक्शन नाही. विंडोज ड्रायव्हर लोड करताना 'ड्रायव्हरएंट्री' नावाचं फंक्शन शोधतं, तिथून तुमची सुरुवात. रस्टची नेहमीची स्टँडर्ड लायब्ररी नाही, कारण तिला खाली एक ऑपरेटिंग सिस्टिम लागते, आणि इथे तर आपण त्या सिस्टिमच्याच पोटात बसलेलो. मेमरी हवी तर कर्नलच्या साठ्यातून मागायची. स्क्रीनवर काही छापता येत नाही. तुमचे संदेश केबलने जोडलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर, डिबगरच्या खिडकीत दिसतात. एका कॉम्प्युटरवर कोड लिहायचा, दुसऱ्यावर तो चालवायचा. दुसरा गोठला की पहिल्यावर बसून तो कुठे गोठला ते वाचायचं.

सगळं जमलं की हातात तीन फाइली येतात. एक 'सिस' फाइल, म्हणजे प्रत्यक्ष ड्रायव्हर. खरं तर ती साधी डीएलएलच असते, शेवटी नाव बदललेली. दुसरी 'इन्फ' फाइल: हा ड्रायव्हर कोणत्या उपकरणाचा आणि कसा बसवायचा, ते सांगणारा मजकूर. तिसरी 'कॅट', म्हणजे कॅटलॉग. त्यात पॅकेजमधल्या फाइलींचे ठसे असतात. एका फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी ठसा जुळत नाही.

डिबगरमध्ये माझी पहिली ओळ उमटली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, 'बरं, म्हणजे झालं का काम?'

काम व्हायचं होतं. अजून सही राहिली होती.

सत्यप्रत

माझ्या ॲडमिशनच्या वेळेपर्यंत मार्कशीटच्या झेरॉक्सवर स्वतःच सही केलेली चालायला लागली होती. बाबांच्या वेळी तसं नव्हतं. राजपत्रित अधिकारी शोधायचा, त्याच्या ऑफिसबाहेर थांबायचं, 'सत्यप्रत' असा शिक्का आणि खाली सही घ्यायची. त्या सहीचा अर्थ काय होता? एवढाच, की ही झेरॉक्स मूळ कागदाबरहुकूम आहे. पोराला गणितात मिळालेले ८२ मार्क योग्य होते का, याबद्दल तो अधिकारी काहीच म्हणत नव्हता.

ड्रायव्हरची सही अगदी अशीच असते. ती दोन गोष्टी सांगते: ही फाइल कुणाची आहे, आणि सही झाल्यापासून कुणी तिला हात लावलेला नाही. कोड चांगला आहे, असं ती म्हणत नाही.

टेस्ट सही म्हणजे स्वयंसाक्षांकन. मी माझ्याच लॅपटॉपवर एक सर्टिफिकेट बनवते. 'साइनटूल' हे हत्यार त्यातली गुप्त किल्ली वापरून सिस आणि कॅट फाइलींवर सही करतं. मग टेस्टच्या कॉम्प्युटरला पटवायचं. आधी फर्मवेअरमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करायचं. डिस्कवर बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्यायची, नाहीतर पुढच्या वेळी कॉम्प्युटर दारातच अडवतो. मग ॲडमिन म्हणून कमांडच्या खिडकीत 'बीसीडीएडिट' वापरून 'टेस्टसायनिंग' ऑन करायचं आणि रीस्टार्ट. शेवटी माझं सर्टिफिकेट त्या कॉम्प्युटरच्या दोन याद्यांत घालायचं: भरवशाच्या मूळ संस्था आणि भरवशाचे प्रकाशक. जगातल्या मोठमोठ्या सर्टिफिकेट कंपन्यांच्या रांगेत माझं नाव! दोन मिनिटं छान वाटतं.

त्यानंतर मी मायक्रोसॉफ्टचं दस्तऐवजीकरण नीट वाचलं. टेस्ट मोड चालू असताना कर्नल कोणत्याही सर्टिफिकेटने सही केलेला ड्रायव्हर लोड करतं. सही हवी, पण ती कुणाचीही चालते. तिची साखळी कुठल्या भरवशाच्या संस्थेपर्यंत पोचायची गरज नाही. म्हणजे दारावर रखवालदार आहे, तो ओळखपत्र मागतो, आणि तुम्ही वहीच्या कागदावर स्वतःच लिहून आणलेलं ओळखपत्र बघून आत सोडतो. माझ्या टेबलावर हे ठीक आहे, तो कॉम्प्युटर त्याचसाठी आहे.

खरी सही मिळवायचा रस्ता लांब आहे. ६४-बिट व्हिस्टापासून कर्नलमधल्या ड्रायव्हरवर सही सक्तीची झाली. २०१६ मध्ये, विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून, नवे ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरून सही होऊन यावे लागतात. पोर्टलवर नाव नोंदवायला कंपनीकडे ईव्ही सर्टिफिकेट लागतं. ते देणारी संस्था तुमच्या कंपनीचे कागद, पत्ता, फोन सगळं तपासते, आणि गुप्त किल्ली एका छोट्या टोकनमध्ये येते. खर्च छोट्या कंपनीच्या मालकाला दोनदा विचार करायला लावेल एवढा, शिवाय काही आठवडे.

दोन आठवड्यांचा वाद

ड्रायव्हर चालायला लागला. कार्डातून आकडे येऊ लागले. भोसरीहून रोज फोन. सर म्हणाले, 'अगं, त्या पीसीला इंटरनेटसुद्धा नाही. टेस्ट मोड चालू करून दे. कोपऱ्यात दोन शब्द दिसतील, एवढंच ना?'

मी म्हटलं, 'सर, इंटरनेट नाही, पण पेन ड्राइव्ह आहे. रिपोर्ट त्यावरच नेतात.' आणि स्टक्सनेटची गोष्ट काढली. २०१० मध्ये सापडलेला हा व्हायरस इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रातली सेंट्रिफ्यूज बिघडवण्यासाठी बनवला होता. तिथल्या मशिनींपर्यंतही इंटरनेट जात नव्हतं. तो पेन ड्राइव्हवरून पसरत गेला आणि कर्नलमध्ये आपले ड्रायव्हर बसवून लपला.

सर हुशार आहेत. त्यांनी लगेच विचारलं, 'पण त्या ड्रायव्हरवर तर खरी सही होती ना? रिअलटेकची?'

होती. रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानच्या दोन कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी केलेली. आणि क्राउडस्ट्राइकच्या ड्रायव्हरवर तर स्वतःची, अस्सल सही होती. मग सही घेऊन काय उपयोग?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. मिळालं ते स्टक्सनेटच्या गोष्टीच्या शेवटाशी. प्रकार उघड झाल्यावर ती दोन्ही सर्टिफिकेटं रद्द केली गेली. कुणाची सही होती ते कळत होतं, म्हणून कुणाला विचारायचं आणि काय रद्द करायचं तेही कळलं. क्राउडस्ट्राइकच्या बाबतीतही काही तासांत जगाला ठाऊक होतं की जाब कुणाला विचारायचा. सही असली तरी बिघाड होतोच. पण बिघाड झाल्यावर कुठलं दार ठोठवायचं, तो पत्ता सहीत असतो. टेस्ट मोडच्या कॉम्प्युटरवर तो पत्ता कुणीही, काहीही लिहू शकतो. तिथे रद्द करायला काही नसतं आणि विचारायला कुणी नसतं.

त्याच आठवड्यात सेन्सर तपासायला मी भोसरीला गेले. बेंचवर एक काका आहेत, पंचवीस-सव्वीस वर्षं तेच काम करतात. स्क्रीनवर आकडे येतात, प्रिंटही निघते, तरी ते प्रत्येक पंपाचा नंबर आणि तीन आकडे एका लांबड्या रजिस्टरमध्ये लिहितात आणि शिफ्ट संपताना पानाखाली सही करतात. मी विचारलं, 'काका, प्रिंट निघते की. हे कशाला?'

ते म्हणाले, 'मॅडम, प्रिंट मशीन काढतं. उद्या पंप परत आला तर साहेब मशीनला बोलावणार का? मलाच बोलावणार. मग मी काय बघितलं होतं, ते माझ्याकडे नको?'

ऑफिसात परत येऊन मी एक पानाचं टिपण लिहिलं, साध्या मराठीत: टेस्ट मोड म्हणजे काय, त्याने काय उघडं राहतं, खऱ्या सहीला किती वेळ आणि पैसा लागेल. सरांनी ते कारखान्याच्या मालकांना पाठवलं. त्यांचा फोन आला. म्हणाले, 'म्हणजे दाराचं कुलूप काढायचं, आणि वर पाटी लावायची की कुलूप काढलंय?' सर हसले. सर्टिफिकेटचा खर्च निम्मा-निम्मा ठरला.

'अनसेफ'च्या आतल्या सह्या

एक सही मात्र कुठल्याही पोर्टलवर मिळत नाही.

रस्टमध्ये 'अनसेफ' नावाचा शब्द आहे. कंपायलरला जे तपासता येत नाही ते या शब्दाच्या कंसात लिहायचं. त्याचा अर्थ: इथलं मी बघते, तू सोड. कर्नल ड्रायव्हरमध्ये हे टळत नाही, कारण विंडोजचं प्रत्येक फंक्शन सीमधलं आहे. आणि आमचं कार्ड तर डीएमएने चालतं. प्रोसेसरला न विचारता ते आकडे थेट मेमरीत टाकतं. कुठे टाकायचे तो पत्ता आणि लांबी ड्रायव्हर त्याला देतो. रस्टचा कंपायलर माझा कोड ओळीओळीने तपासतो, पण स्लॉटमध्ये बसलेलं कार्ड त्याला दिसत नाही. लांबी चुकली तर कार्ड दुसऱ्याच्या जागेत लिहील, आणि कंपायलरची त्यावर काहीच हरकत नसेल.

कंपायलर थांबवतो तिथेही गोष्ट संपत नाही. मी टेस्टच्या कॉम्प्युटरवर मुद्दाम यादीबाहेरचा आकडा मागून बघितला. रस्टने बरोबर पकडलं आणि 'पॅनिक' केलं. साध्या प्रोग्रॅममध्ये पॅनिक म्हणजे प्रोग्रॅम बंद. कर्नलमध्ये बंद कुठे होणार? मी वापरलेल्या आवृत्तीत पॅनिकनंतर कोड नुसता गोल गोल फिरत राहायचा. ड्रायव्हर बसवायची खिडकी पुढेच सरकेना आणि प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण वेळ गुंतलेला. आम्ही ते बदलून तिथे सरळ निळा स्क्रीन ठेवला, निदान कारण तरी कळेल. २०२५ मध्ये चेक पॉइंटच्या संशोधकांनी विंडोजच्या स्वतःच्या रस्टमधल्या कर्नल भागात असाच एक प्रकार दाखवला: यादीबाहेरचं वाचन, रस्टने ते अडवलं, आणि सगळा कॉम्प्युटर पडला. चोराला घरात शिरू दिलं नाही, पण त्यासाठी घर बंद करावं लागलं. चोरी होण्यापेक्षा हे नक्कीच बरं. तरी बेंचवर पाणी फिरत असताना कॉम्प्युटर पडला तर काकांना तो पंप पुन्हा चढवावा लागणार, हे खरंच.

आमच्या ड्रायव्हरमध्ये आज २३ 'अनसेफ' कंस आहेत. रस्ट लिहिणाऱ्यांत पद्धत आहे की प्रत्येक कंसाच्या वर 'सेफ्टी' अशी टीप लिहायची: हे सुरक्षित का आहे, कोणत्या गोष्टी गृहीत धरल्या आहेत. आम्ही त्यात एक भर घातली. आमच्या हार्डवेअरच्या दादाने ते पिवळं मॅन्युअल हातात घेऊन माझ्यासोबत प्रत्येक टीप वाचायची आणि पटली तर खाली स्वतःचं नाव घालायचं. त्याला रस्ट येत नाही. पण 'या रजिस्टरमध्ये लांबी बाइटमध्ये आहे' असं मी लिहिलं असेल, तर मॅन्युअलचं पान उघडून तो सांगू शकतो. २३ टिपांना तीन दुपारी लागल्या. सात टिपा आम्ही नव्याने लिहिल्या, कारण मला कळणारी भाषा त्याला कळत नव्हती.

टोकन कुरिअरने आलं. ते सरांच्या कुलपाच्या ड्रॉवरमध्ये असतं आणि बाहेर काढायला दोघं लागतात. पॅकेज पोर्टलवर चढवून झालंय. सही होऊन आलं की भोसरीचा नवा कॉम्प्युटर लावू, सिक्युअर बूट चालू ठेवून. तोवर जुना विंडोज ७ वरच चालतोय, नेटवर्कपासून तोडलेला. पेन ड्राइव्हसाठी मालकांनी एकच ठेवलाय, लाल दोरी बांधलेला.

परवा काकांचा फोन होता, सेन्सरच्या वायरबद्दल. जाता जाता त्यांनी विचारलं, 'मॅडम, नवीन कॉम्प्युटर आल्यावर रजिस्टर बंद करू का?'

मी म्हटलं, 'नका करू, काका.'